आभाळातल्या लाटा आणि बांधावरचा दगड

तुमच्यापैकी जे पन्नाशी-साठी ओलांडून पुढे गेले आहेत त्यांना रेडिओची ती रात्र आठवत असेल. जेवणे उरकलेली, गुरांपुढे वैरण टाकून झालेली, ओसरीवर कंदील, आणि ट्रान्झिस्टर मधोमध ठेवून आठ-दहा माणसे भोवती बसलेली. लघुलहरींवर, म्हणजे शॉर्टवेव्हवर, सिलोन लागलेले. गाणे ऐन रंगात आले की आवाज हळूहळू खोल जायचा, जणू गाणारी बाई घागर घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरते आहे. मग कोणी रेडिओचे तोंड फिरवी, कोणी एरियलची तार ओढी, कोणी सेलला दोष देई. दहा-पंधरा मिनिटांनी आवाज आपसूक वर येई, आणि त्या वेळी ज्याचा हात रेडिओवर असे त्याला सगळे श्रेय मिळे.

दोष सेलचा नव्हता, एरियलचाही नव्हता. भराभर थरथरणारा आवाज निराळा. एकाच केंद्राच्या लहरी दोन वाटांनी येऊन एकमेकींना मारक ठरल्या की तसे होते. पण दहा-दहा, वीस-वीस मिनिटे सावकाश चढणारा-उतरणारा जो आवाज, त्यामागे पुष्कळदा एक लाट असे. ही लाट आपल्या डोक्यावर अडीच-तीनशे किलोमीटर उंचीवरून जाते. तिच्या एका उंचवट्यापासून दुसऱ्या उंचवट्यापर्यंत शे-दोनशे किलोमीटर अंतर असते आणि ती एसटी गाडीच्या दहापट वेगाने धावते. डोळ्यांना ती दिसत नाही, कानाला ऐकू येत नाही, अंगाला वारा लागत नाही.

तो रेडिओ आज माळ्यावर पडला असेल. पण त्याच लाटांशी आपला संबंध आता दुसऱ्या वाटेने आला आहे, आणि गाण्यापेक्षा जास्त नाजूक जागी आला आहे. तो आला आहे शेताच्या बांधावर. कसा, ते पुढे सांगतो. आधी ही लाट ज्यात उठते तो डोह पाहू.

आभाळाचा वरचा मजला

ढग, पाऊस, गारा, वीज हा सगळा कारभार आपल्या डोक्यावर पंधरा-सोळा किलोमीटरच्या आत चालतो. त्याच्या वर हवा विरळ होत जाते. सुमारे साठ किलोमीटरच्या वर सूर्याचे जहाल किरण हवेच्या कणांवर आदळतात आणि मळणीत कणसातून दाणा सुटावा तसे त्या कणांतून इलेक्ट्रॉन सुटतात. विजेचा अंश असलेल्या अशा सुट्या कणांच्या या थराला आयनांबर म्हणतात. तो कित्येक शे किलोमीटर जाड आहे आणि सर्वांत दाट साधारण अडीचशे ते चारशे किलोमीटर उंचीवर असतो. दिवस मावळला की सुटलेले दाणे पुन्हा कणसाला चिकटू लागतात. खालचा पदर रात्री जवळजवळ नाहीसा होतो, वरचा विरळ होतो पण टिकून राहतो. म्हणूनच लांबची केंद्रे रात्री जास्त लागतात. खालचा पदर दिवसा लहरी गिळतो, रात्री गिळायला तो जागेवर नसतो.

हा थर तिथे आहे हे माणसाला रेडिओमुळेच कळले. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने इंग्लंडच्या टोकावरून सोडलेला संदेश अटलांटिक महासागर ओलांडून न्यूफाउंडलंडला ऐकला. पृथ्वी गोल, रेडिओची लहर सरळ जाणारी. मग ती वळली कशी? पुढच्याच वर्षी अमेरिकेत केनेली आणि इंग्लंडमध्ये हेविसाइड या दोघांनी स्वतंत्रपणे म्हटले की वर विजेचा अंश असलेला एखादा थर असावा आणि त्याला आपटून लहर परत येत असावी. अ‍ॅपलटन या शास्त्रज्ञाने १९२४ साली प्रयोगाने तो थर पकडला. त्याला १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे कलकत्त्याला शिशिरकुमार मित्रा यांनी या विषयाची मोठी शाळाच उभी केली. वरच्या वातावरणावरचा त्यांचा ग्रंथ १९४७ साली निघाला आणि जगभर वापरला गेला.

पण या सगळ्यांच्या मनात त्या थराचे जे चित्र होते ते एखाद्या छपरासारखे होते. दिवसा खाली, रात्री वर, एवढीच त्याची हालचाल. छप्पर लाटा मारते हे ध्यानात यायला आणखी काही वर्षे गेली.

तलावाकाठी उभे केलेले तिघे

ते काम केले ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ मन्रो नावाच्या शास्त्रज्ञाने. त्याची युक्ती इतकी साधी आहे की ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

समजा, तुमच्या गावच्या पाझर तलावावर दाट धुके आहे. पाणी दिसत नाही. तुम्ही काठाने तीन ठिकाणी तीन मुले उभी केलीत, प्रत्येकाच्या हातात उभी काठी, काठीचे टोक पाण्यात. ओलावा काठीवर वर चढला की मुलाने हाक मारायची. पहिल्याची हाक आली, दोन मिनिटांनी दुसऱ्याची, पाच मिनिटांनी तिसऱ्याची. तिघांमधली अंतरे तुम्हांला ठाऊक आहेत. झाले! लाट कोणत्या बाजूने आली आणि किती वेगाने आली हे धुके न उघडता काढता येते.

मन्रोने मुलांऐवजी रेडिओची तीन ठाणी एकमेकांपासून काही दशक किलोमीटर अंतरावर ठेवली. वर सोडलेली लहर थराला आपटून किती वेळात परत येते हे तो सतत नोंदवत राहिला. थर वर-खाली झाला की परत येण्याचा वेळ बदले. एका ठाण्यावर दिसलेला चढ-उतार काही मिनिटांनी दुसऱ्यावर हुबेहूब दिसे, मग तिसऱ्यावर. १९४८ साली त्याने हे प्रसिद्ध केले आणि पुढची काही वर्षे नोंदी घेतच राहिला. लाटांची दिशा हिवाळ्यात एक आणि उन्हाळ्यात दुसरी, असेही त्याला आढळले. आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी आणि ईशान्य मोसमी वारे असतात, तसे म्हणा, जरी कारण वेगळे आहे.

ही लाट उठते कशाने, याचा उलगडा १९६० साली कॅनडातील हाइन्स या शास्त्रज्ञाने केला. त्याने दाखवले की मूळ लाट विजेची नाही, साध्या हवेची आहे. हवेचा एखादा गोळा कशाने तरी वर ढकलला गेला की तो भोवतालच्या हवेपेक्षा जड ठरतो आणि खाली येतो. येताना वेगात असतो म्हणून मूळ जागेच्याही खाली जातो, तिथे हलका ठरून पुन्हा वर येतो. विहिरीत सोडलेला रिकामा डबा दाबून सोडला की जसा वर-खाली डुचमळतो तसा. या डुचमळण्याची लाट होते आणि ती तिरकी वर चढत जाते. गुरुत्वाकर्षणाने परत ओढली जाते म्हणून तिला गुरुत्व-लाट म्हणतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ज्या गुरुत्वीय लहरी पकडण्याचे केंद्र उभारायचे ठरले आहे, त्या लहरी निराळ्या. त्या दूरच्या ताऱ्यांच्या टकरीतून निघतात. नाव सारखे म्हणून घोटाळा नको.

आता गंमत अशी की ही लाट वर जाता जाता मोठी होते. तुम्ही आसूड ओढला आहे. मुठीपाशी तो जाड असतो, टोकाला बारीक वादी असते. मूठ वीतभर हलते, पण वादीचे टोक कडाडते. हवेचेही तसेच आहे. शंभर किलोमीटर उंचीवर हवा जमिनीवरच्या हवेच्या दशलक्षांश भागापेक्षाही कमी दाट असते. खालून निघालेली तीच ताकद इतक्या विरळ हवेत पोचली की हेलकावा हजारपटीच्या घरात वाढू शकतो, अर्थात वाटेत लाट फुटली नाही तर. पुष्कळ लाटा वाटेतच फुटतात. ज्या पोचतात त्या वरच्या विजेच्या कणांना धक्का देतात. हे कण पृथ्वीच्या चुंबकीय रेषांना दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे बांधलेले असतात. हवेने ढकलले तरी ते दोऱ्यावरूनच मागेपुढे सरकतात. म्हणून कुठे मणी दाट होतात, कुठे विरळ. दाट-विरळ, दाट-विरळ असे पट्टे पुढे सरकत जातात. रेडिओतला आवाज चढला-उतरला तो या पट्ट्यांमुळे.

खाली दगड पडला की

मग खालून ढकलते कोण? उत्तर ऐकून तुम्हांला वाटेल की आपलेच आभाळ, आपलीच धरणी. गडगडाटी वादळाचा ढग उसळून वर जातो तेव्हा तो वरच्या थराला धडक देतो, तिथून लाटा निघतात. डोंगरावर आपटून वर वळलेला वारा लाटा काढतो. ग्रहणाची सावली धावत जाते तेव्हा तिच्याखाली हवा निवते, आणि नावेच्या नाळेपुढून पाण्यात जशा दोन तिरक्या लाटा फाकतात तशा आयनांबरात फाकतात. २१ ऑगस्ट २०१७ च्या अमेरिकेतील खग्रास ग्रहणात त्या स्पष्ट टिपल्या गेल्या. धरणीकंप झाला की जमीन ढोलाच्या कातड्यासारखी हलते आणि तिच्यावरची हवा हलवते.

११ मार्च २०११ रोजी जपानच्या पूर्व किनाऱ्याजवळ ९ तीव्रतेचा भूकंप झाला. जपानने भूकंपाच्या अभ्यासासाठी देशभर हजाराहून अधिक उपग्रह-संकेत घेणारी यंत्रे गाडून ठेवलेली आहेत. सात-आठ मिनिटांत त्या यंत्रांच्या नोंदींत वरच्या थरातली खळबळ दिसू लागली. खालच्या धक्क्याला वर चढायला तेवढाच वेळ लागतो. मग तलावात दगड टाकावा तशी गोल कडी दूर दूर पसरत गेली.

पण सगळ्यांत मोठा दगड पडला तो १५ जानेवारी २०२२ ला, पॅसिफिक महासागरातल्या टोंगा या देशात. हुंगा टोंगा-हुंगा हाआपाय नावाचा समुद्रातला ज्वालामुखी फुटला. आपल्याकडे सकाळचे पावणेदहा वाजले होते. त्या स्फोटाने हवेच्या दाबाची जी लाट निघाली तिचा वेग सेकंदाला सुमारे ३१५ मीटर होता. टोंगापासून महाराष्ट्र साधारण १३ हजार किलोमीटर. मुलांना हिशेब करायला द्या. उत्तर अकरा-साडेअकरा तास येईल. म्हणजे आपण रात्रीची भाकरी मोडत असताना ती लाट आपल्या शिवारावरून गेली. तिचा दाब इतका अल्प होता की आपल्याला काही कळले नाही, पण जगभरच्या वायुभारमापकांच्या काट्यांनी तो टिपला. १८८३ साली क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला तेव्हाही काटे असेच हलले होते. त्या वेळी आयनांबर नावाची वस्तू कोणाला ठाऊक नव्हती. या वेळी मात्र वरचा थर पाहायला हजारो यंत्रे तयार होती. दाबाच्या लाटेबरोबर आयनांबरातली लाटही धावताना त्यांना दिसली. चार दिवसांत तिने पृथ्वीला तीन फेऱ्या घातल्या! टोंगाच्या बरोबर पायाखालची, पृथ्वीच्या पलीकडची जागा म्हणजे आफ्रिकेतील अल्जीरियाचे वाळवंट. चहूबाजूंनी निघालेली लाट तिथे एकवटली आणि पुन्हा फाकली.

आणखी एक नवल. जपानवर दाबाची लाट पोचायच्या काही तास आधीच तिथल्या आयनांबरात पट्टे उमटले. लाट आली नाही आणि डोह हलला! कारण ते मणी आणि दोरे. जपानच्या वरचे चुंबकीय दोरे विषुववृत्तावरून कमान घेऊन ऑस्ट्रेलियाच्या वर उतरतात. ऑस्ट्रेलियात लाट आधी पोचली, तिने दोऱ्याचे एक टोक हलवले, आणि विजेच्या रूपाने तो हेलकावा दुसऱ्या टोकाला, जपानवर, जवळजवळ त्याच क्षणी पोचला.

हे वाचून, ‘काय करायचे आहे आपल्याला टोंगाचे’ असे कोणी म्हणेल. कोकणातल्या आणि पूर्व किनाऱ्यावरच्या माणसाने तसे म्हणू नये. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ भूकंप झाला आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर त्सुनामी यायला दोन-अडीच तास लागले. तेवढ्या वेळात कोणी सांगितले असते तर हजारो माणसे वाचली असती. भर समुद्रात त्सुनामी जेमतेम हात-दीड हात उंच असते, पण शेकडो किलोमीटर रुंद पाणी उचलले जात असल्याने ती वरच्या हवेला ढकलते आणि तिच्या डोक्यावर आयनांबरात तिची सावलीसारखी लाट चालू लागते. अमेरिकेतील नासा संस्थेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने ही लाट ताबडतोब ओळखण्याची यंत्रणा बांधली आहे. जुलै २०२५ च्या अखेरीस रशियाच्या कामचटका भागात ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा त्सुनामी हवाई बेटांना पोचण्याच्या सुमारे अर्धा तास आधी तिला ही खूण दिसली.

सूर्याकडून आलेली

काही लाटा खालून येत नाहीत. सूर्यावर स्फोट होऊन विजेच्या कणांचा लोंढा पृथ्वीवर आला की ध्रुवांकडची वरची हवा तापते, फुगते, आणि दोन्ही ध्रुवांकडून विषुववृत्ताकडे थोर लाटा सुटतात. एका उंचवट्यापासून दुसऱ्यापर्यंत हजार किलोमीटरहून जास्त अंतर, वेग सेकंदाला चारशे मीटरपासून पुढे. ध्रुवाकडून निघालेली अशी लाट तीनेक तासांत आपल्या अक्षांशाला येते.

अशा चुंबकीय वादळांच्या नोंदींत महाराष्ट्राचे नाव जुने आहे. २ सप्टेंबर १८५९ रोजी आले तेवढे मोठे वादळ नंतर फार क्वचित आले, आणि त्याची मोलाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत माणसांनी काट्याकडे डोळे लावून केलेली आहे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या तारांनी काटे बिघडतील म्हणून वेधशाळेचे चुंबकीय काम १९०४ च्या सुमारास अलिबागला नेले. ट्राम कधीच्या गेल्या. अलिबागची नोंद चालू आहे. नव्या पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था हे काम पाहते.

मे २०२४ च्या १० आणि ११ तारखेला असेच थोर वादळ आले. लडाखमध्ये हानलेच्या आकाशात लाल उजेड पसरला होता. वर्तमानपत्रांत तुम्ही चित्रे पाहिली असतील. त्याच वेळी अमेरिकेच्या मध्यभागात मक्याची पेरणी ऐन भरात होती. तिथले ट्रॅक्टर उपग्रहाच्या संकेतावर चालतात. सरी कुठून कुठे जायची हे यंत्र ठरवते, चालक नुसता बसतो. त्या दिवशी यंत्रांना आपण कुठे आहोत हेच नीट कळेना. सऱ्या वाकड्या जाऊ लागल्या. पुष्कळ शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर उभे केले आणि वापसा असूनही आभाळ निवळण्याची वाट पाहिली. पेरणीचा दिवस वाया जाणे म्हणजे काय हे तुम्हांला सांगायला नको.

आता आपला बांध

आपल्याकडे सऱ्या अजून बैल आणि माणूसच सरळ ठेवतात. पण मोजणी बदलली. पूर्वी भूकरमापक ३३ फुटी साखळी घेऊन येई. साखळीचे सोळा आणे, आणि साखळीभर लांब, साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा. साखळी ओढताना ताण कमी पडला, ओढ्यात वाकली, काट्यात अडकली, की दोन भावांच्या दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत. आता तो काठीवर बसवलेले, बशीसारखे डोके असलेले यंत्र घेऊन येतो. त्याला रोव्हर म्हणतात. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणेसुद्धा ड्रोनने मोजली गेली. या सगळ्याचा आधार उपग्रह.

उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून संदेश सोडतो. संदेशाला यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतात. वाटेत आयनांबर लागले की तो रेंगाळतो, आणि अंतर आहे त्यापेक्षा जास्त भासते. दुपारच्या वेळी हा वाढीव आकडा दहा मीटरच्या घरातही जातो. मग बांधाचा दगड दोन-तीन सेंटिमीटरमध्ये कसा सापडतो? त्यासाठी ठिकठिकाणी कायमची पक्की केंद्रे बसवलेली आहेत. केंद्राला स्वतःची जागा ठाऊक असते, त्यामुळे आज आभाळ किती फसवते आहे हे त्याला कळते आणि तो फरक ते मोबाईलच्या जाळ्यातून रोव्हरला कळवते. दोघांच्या डोक्यावर थर सारखाच असला की चूक वजा होते.

खुबी इथेच आहे. थर सारखा असला की. केंद्रावर लाटेचा उंचवटा आणि तुमच्या शेतावर लाटेचा खळगा असला तर? मध्यम आकाराची लाट हा आकडा काही सेंटिमीटरांपासून पंधरा-सोळा सेंटिमीटरांपर्यंत हलवते. ही चूक पुरती वजा होत नाही. चांगले यंत्र अशा वेळी अडून बसते. पडद्यावर ‘फिक्स’ हा शब्द यायला हवा तिथे ‘फ्लोट’ येतो. फिक्स म्हणजे जागा पक्की झाली. फ्लोट म्हणजे यंत्र अजून तरंगते आहे. अशा वेळी चूक वीतभर, हातभर, कधी त्याहूनही जास्त असू शकते.

तेव्हा, शेतकरी बंधूंनो, हद्द कायम करायची मोजणी चालू असेल तेव्हा बांधावर नुसते हात बांधून उभे राहू नका. प्रत्येक खुणेच्या वेळी पडद्यावर फिक्स आहे का, हे अदबीने विचारा. महत्त्वाचा कोपरा असेल तर अर्ध्या-पाऊण तासाने तोच कोपरा पुन्हा मोजून पाहण्याची विनंती करा, कारण लाटेचा उंचवटा तेवढ्यात पुढे सरकलेला असतो. दोन्ही आकडे जुळले तर दगड निर्धास्त रोवा. शिवारात जुना पक्का दगड असेल तर सुरुवातीला आणि शेवटी तो मोजून घेणे सर्वांत उत्तम.

पण उगीच आभाळाला बोल लावू नये हेही सांगतो. आमच्या एका नातेवाइकांच्या मोजणीला मी गेलो होतो. एका कोपऱ्यावर यंत्र पंधरा मिनिटे ‘फ्लोट’ सोडीना. मी मनातल्या मनात खूश. म्हटले, आज प्रत्यक्ष लाट दाखवता येईल. माझे व्याख्यान निम्म्यावर आले असताना म्हाताऱ्या काकांनी वर बोट केले. चिंचेची फांदी होती. काठी चार पावले सरकवली, आणि लगेच ‘फिक्स’! झाड, विजेची तार, भिंत, मोबाईलची कमी रेंज ही कारणे दहांतून नऊ वेळा असतात. लाटेचा संशय घ्यायचा तो मोकळ्या माळावर, आणि तोही सगळे तपासून झाल्यावर. मोबाईलवर बघून गट मोजणाऱ्यांना तर लाटेचे नावच घ्यायला नको. मोबाईलची स्वतःची चूक तीन-पाच मीटरची असते. त्यावर बांधाचे भांडण काढणे म्हणजे पायलीच्या मापाने सोने जोखणे.

आपल्या मुलखात आणखी एक उपद्रव आहे. सूर्यास्तानंतर आयनांबराच्या तळातून, दुधाला उकळी यावी तसे विरळ जागेचे बुडबुडे वर चढतात. सूर्य जोरात असलेल्या वर्षांत, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या महिन्यांत, दिवेलागणीपासून मध्यरात्रीपर्यंत ते उपग्रहाचा संदेश अक्षरशः तुडवतात. मोजणी दिवसा होते म्हणून आपण वाचतो. विमानांना रात्रीही उतरायचे असते. त्यांच्यासाठी इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी ‘गगन’ ही दुरुस्ती कळवणारी यंत्रणा उभी केली, आणि आपल्या आयनांबराचा हा खट्याळपणा तिच्या मांडणीतली मोठी डोकेदुखी होती.

हे बुडबुडे आणि लाटा पाहताही येतात, पण कॅमेऱ्याने. अडीचशे किलोमीटर उंचीवरची हवा रात्री अगदी मंद तांबडा उजेड देते. डोळ्यांना तो जाणवत नाही. सगळे आभाळ एका चित्रात बसवणारे भिंग आणि फक्त तेवढाच तांबडा रंग आत सोडणारी काच लावली की काळे पट्टे सरकताना दिसतात. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात असा कॅमेरा लावून संशोधकांनी निरभ्र, चांदणे नसलेल्या रात्री आयनांबराची चित्रे घेतली आहेत.

असा कॅमेरा तुमच्याकडे नाही. पण माळ्यावर शॉर्टवेव्हचा रेडिओ असेल तर तो खाली काढा आणि सेल घाला. सिलोनचे ते दिवस गेले, तरी चीनसारख्या देशांची काही केंद्रे लघुलहरींवर अजून लागतात. एखादे दूरचे पण स्पष्ट केंद्र निवडा. भाषा कळली नाही तरी चालेल. मुलांना वही द्या आणि दर मिनिटाला आवाजाच्या जोराला शून्य ते दहा गुण द्यायला सांगा. दोन तास हे करायचे, रेडिओची कोणतीही चावी न हलवता. मग आलेखाच्या कागदावर ठिपके काढून जोडा. बारीक करवती दाते सोडून द्या. पंधरा मिनिटांपासून तासाभराच्या अंतराने येणारे मोठे उंचवटे शोधा. मामाच्या गावी, साठ-सत्तर किलोमीटरवर, हुशार भावंड असेल तर त्यालाही त्याच वेळी तेच केंद्र लावून गुण द्यायला सांगा. त्याचा उंचवटा तुमच्याआधी येतो की नंतर, आणि किती मिनिटांनी, ते पाहा. वेग काढताना दोन गावांतले अंतर निम्मे धरा, कारण लहर केंद्राच्या आणि आपल्या मधोमध वरून परतते. आणि बसण्याआधी दोन्हीकडची घड्याळे जुळवून घ्यायला विसरू नका.